शहाणीची पाठ

शनिवारी सकाळी अकराला गाडी येणार, हे मालकीणबाईंनी आठ दिवस आधीच सांगून टाकलं होतं. कसली गाडी, ते कुणी उघड बोलत नव्हतं. घोड्यांच्या धंद्यातली माणसं बोलण्याच्या बाबतीत फार हळवी असतात. जनावर मारायला पाठवलं असं ती कधी म्हणत नाहीत, 'गाडी बोलावली' एवढंच म्हणतात. मागची फळी खाली पडून उतार होणारी ती पांढरी गाडी, तिच्यात चढलेलं जनावर परत आलेलं त्या घोडेस्वारीच्या शाळेत आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

या खेपेला गाडी यायची होती ती शहाणीसाठी, आणि तीच गोष्ट थोरलीच्या गळी उतरत नव्हती.

शहाणी ही शाळेतली चौदा वर्षांची तपकिरी घोडी. कागदावर तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते कागदावरच राहिलं. नवशिक्या पोरांना पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसवत. एखादं पोर घाबरून तिच्या मानेला मिठी मारायचं आणि भोकाड पसरायचं, तर ही जागच्या जागी उभी राहायची आणि रडं थांबेपर्यंत पाय उचलायची नाही. सात वर्षांत तिनं एकालाही पाडलं नव्हतं.

सहा आठवड्यांपूर्वी तिला काहीतरी झालं. स्वार पाठीवर बसला की पहिली दहा-बारा पावलं ठीक, मग कान मागे, शेपटीचे फटकारे, आणि दुडकी चाल धरायला सांगितली की पाठीची कमान करून अशी उसळायची की बसणारा थेट वाळूत. खाली उतरलात की पुन्हा गाय. खरारा करा, खूर उचला, तोंडात हात घाला, लांब दोरीला बांधून खोगिरासकट गोल गोल फिरवा, बाई एकदम सोज्वळ. माणूस बसला की तेवढी बिथरायची. चौथ्या आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी पडली आणि तिचा हात दोन ठिकाणी मोडला. त्या मुलीचे वडील शाळेच्या ऑफिसात येऊन जे बोलले ते सगळ्या तबेल्यानं ऐकलं. मालकीणबाईंनी तरीही आठवडाभर कळ काढली, मग गाडी बोलावली.

थोरली त्या तबेल्यात मोतद्दाराचं, म्हणजे घोड्यांच्या देखभालीचं काम करायची. वय चौतीस. आईबापांनी मोठ्या आशेनं तिला थोरली म्हणायला सुरुवात केली, पण तिच्या मागं दुसरं कुणी जन्मलंच नाही. थोरली मात्र थोरलीच राहिली. शहाणी शाळेत आली तेव्हापासून तिची दाण्याची चंदी, तिचं पाणी, तिचे खूर, सगळं थोरलीच्या हातचं. आई गेली त्या वर्षी ती रोज संध्याकाळी शहाणीच्या खोलीत गवताच्या गठ्ठ्यावर नुसती बसून असायची, आणि घोडी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नव्हती. सांगण्यासारखी आहे असं तिला वाटतच नव्हतं.

आठ दिवस तिनं जिवाचं रान केलं. घोड्यांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पाठीचे फोटो काढले, मणके दाबून पाहिले, एकेक पाय दुमडून धरून मग पळवलं, आणि हात धुता धुता म्हणाला, "अंगात दोष नाही. डोक्यात असेल तर ते माझ्या यंत्रात दिसत नाही." दातांची धार घासून झाली. नालबंदानं चारही नाल काढून नवे ठोकले. तोंडातली लोखंडी कडी बदलून मऊ रबराची घातली. चंदी निम्मी केली, शेजारची खोडकर घोडी दुसरीकडे हलवली. मंगळवारी थोरलीनं खोगिरावर वाळूची दोन पोती बांधून तिला फिरवलं. पोती दोन्ही कडांना लोंबत होती आणि शहाणी बाजारहाटाला निघाल्यागत संथ चालत होती.

"बघ, पोत्याला पाडत नाही," शिकवणारे कर्नल म्हणाले. हे कर्नल कधी सैन्याच्या वाटेलाही गेले नव्हते, पण मिशी तशी होती आणि ओरडणंही. "पाडलं की सुट्टी मिळते हे कळलंय तिला. म्हातारपणी लागलेली खोड आहे ही, सुटायची नाही."

"सात वर्षं नव्हती ती खोड आजच कशी लागेल, कर्नल?"

"माणसांना लागत नाही का?"

गुरुवारी ती स्वतः बसली आणि तिसऱ्या फेरीला पडली. डाव्या बरगड्या कुंपणाच्या खांबावर आपटल्या. दवाखान्यात तिला सक्त विश्रांती सांगितली. ती पट्टा बांधून तासाभरात तबेल्यात परत आली आणि शहाणीच्या पायाशी बसून रडली. घोडीनं तिच्या खांद्याला नाक लावलं तर तिला त्या नाकाचा रागच आला. एवढा जीव आहे तर सांगत का नाहीस, असं ती मोठ्यानं म्हणाली. शेवटी जनावर ते, काय सांगणार.

सगळं तपासून झालं, फक्त एक सोडून. खोगीर कुणी तपासलं नाही. तसं ते कुणाच्या मनातच आलं नाही, कारण शाळेतली सगळीच्या सगळी खोगिरं मास्तरांच्या हातची होती, आणि मास्तर म्हणजे थोरलीचे वडील.

तबेल्यामागं त्यांची दोन खोल्यांची जागा होती आणि तिला लागून कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, कातडं कापायच्या सुऱ्या, मेणाचे गोळे आणि लोकरीची पोती. चाळीस वर्षं ते इथं खोगिरं करत होते. बाहेर लोक निरुपयोगी पसाऱ्याला खोगीरभरती म्हणतात, या शब्दाचा मास्तरांना भयंकर राग. खोगिरात भरलेली लोकर हाच खोगिराचा जीव, ती एक मूठ इकडची तिकडं झाली तर घोड्याची पाठ जाते, असं ते ऐकणाऱ्याला धरून बसवून सांगत. प्रत्येक घोड्याच्या पाठीचं माप घेऊन त्याचं खोगीर त्यालाच, दुसऱ्याच्या पाठीवर घालायचं नाही, हा त्यांचाच नियम, आणि खोगिरांच्या खोलीत तो पाटीवर लिहून लावला होता. म्हणून शहाणीवर दुसरं खोगीर घालून बघावं हेही कुणाला सुचलं नाही. खोगिराशिवाय पाठीवर बसायला तर शाळेत सक्त मनाई होती.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त थोरलीला ठाऊक होती. मास्तरांना दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता, उजेडाकडची खिडकी कळायची, माणसाचा आकार कळायचा; पण सुईचं नेढं केव्हाच दिसेनासं झालं होतं. "आज उजेड जरा कमी आहे गं, एवढी ओवून दे," असं म्हणून एकदा सुरुवात झाली, आणि मग रोजच उजेड कमी असायला लागला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी थोरली दाभणाएवढ्या जाड बारा सुया मेणाच्या दोऱ्यात ओवून बनातीच्या पट्टीवर टोचून ठेवी. मास्तर बोटांनी चाचपून काम करत. दिवसअखेर अंगठा फिरवून सुया मोजत. बारा भरल्या की काम संपलं. कारखाना बंद झाला तर या दोन खोल्याही जाणार होत्या, पण थोरली गप्प होती ती तेवढ्यासाठी नाही. बापाला बापासारखं ताठ बसलेलं तिला बघायचं होतं. त्याला ती माया म्हणत होती.

शनिवारी पहाटे पाचला ती उठली, तेव्हा तिच्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. शेवटचा खरारा तरी करावा म्हणून ती तबेल्यात गेली. पाठ, पोट, मांड्या, सगळं चकचकीत केलं, आयाळ विंचरली, आणि हे आपलं कुणासाठी चाललंय असं मनात येऊन तिचा हात थांबला. मग तिनं शहाणीला बाहेर काढलं, वाळूच्या गोल मैदानात नेलं आणि कुंपणावर चढून तिच्या उघड्या पाठीवर बसली. नियम मोडतोय हे तिला माहीत होतं. नियमानं वागून काय मिळालं होतं तेही माहीत होतं.

बरगड्यांतून कळ गेली. तिनं डोळे मिटले आणि टाच लावली. शहाणी चालायला लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. थोरलीनं दुडकी चाल मागितली आणि आयाळीत बोटं रुतवून उसळीची वाट बघत बसली. उसळी आली नाही. घोडी कान पुढे करून, मान सैल सोडून दुडकत राहिली. थोरलीनं आठ फेऱ्या मारल्या, उजवीकडून मारल्या, डावीकडून मारल्या, आणि नवव्या फेरीला हुंदका असा आला की तिला घोडी थांबवावी लागली.

म्हणजे डोक्यात दोष नव्हता. खोगिरात होता. आणि आता हे बापाला सांगायचं होतं.

मास्तर टेबलाशी चहा पीत बसले होते. तिनं खोगीर आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला.

"माझ्या खोगिरात?"

"बाबा, उघड्या पाठीवर ती लोण्यासारखी चालतेय. अकराला गाडी येणार आहे."

"दीड महिन्यापूर्वी मी स्वतः गादी उसवून नवी लोकर भरली आहे याच्यात."

"म्हणूनच बघा म्हणते."

त्यांनी खोगीर उलटं केलं. पाठीला टेकणाऱ्या दोन्ही गाद्यांवरून तळवे फिरवले, पुढून मागे, मागून पुढे. हलक्या हातानं चाचपलं. लाकडी सांगाडा दोन्ही हातांत धरून पिळून पाहिला. "काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की थोरलीला ओरडावंसं वाटलं. आठला दहा मिनिटं कमी होती.

"रिकाम्या खोगिराला ती काही करतच नाही बाबा. माणूस बसल्यावर करते. मी वर बसते, तुम्ही खालून हात घाला."

खोगीर ठेवायची लाकडी घोडी कोपऱ्यात होती. तिच्या पाठीच्या फळ्यांमध्ये हात जाईल एवढी फट होती. थोरलीनं खोगीर तिच्यावर चढवलं, बरगडी धरून वर बसली. मास्तरांनी शेजारी स्टुलावर बसून फटीतून हात आत घातला आणि पंजा उताणा करून गादीखाली पसरला, जिथं घोडीची पाठ असते तिथं.

"उठबस कर. दुडकीवर करतात तशी."

ती रिकिबीत पाय ताणून उठली, बसली. उठली, बसली. "मागं रेलून बस," ते म्हणाले. ती मागं सरकून बसली, आणि मास्तरांचा खांदा आक्रसला.

"काय झालं?"

"पुन्हा."

ती पुन्हा बसली. त्यांचा खांदा पुन्हा तसाच आक्रसला.

"अजून एकदा बस. जोरात बस."

"बाबा, हात काढा."

"बस म्हणतो ना."

ती बसली. मग त्यांनी हात बाहेर काढला. तळव्याच्या मध्यभागी तीन बारीक भोकं होती आणि रक्ताची धार मनगटाकडं निघाली होती. त्यांना ती दिसत नव्हती. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं ओल चाचपली आणि ते बोट बराच वेळ अंगठ्यावर घासत राहिले.

सुरी त्यांनीच घेतली. मागच्या बाजूचे टाके उसवले, लोकरीत दोन बोटं घातली आणि सुई बाहेर काढली. टोक खाली करून ती गादीत उभी रुतलेली होती. रिकामं असताना लोकर फुगून राही आणि टोक आत बुडे. मागं वजन पडलं की लोकर बसे आणि टोक कातड्यातून बाहेर येऊन पाठीत शिरे. वजन उठलं की पुन्हा आत. वाळूची पोती कडांना लोंबत होती, त्यांचं वजन तिथं पडलंच नव्हतं. पाठीवर दाट केसांत टाचणीएवढी खूण, ती डॉक्टरला काय दिसणार.

"त्या संध्याकाळी अकरा भरल्या होत्या," मास्तर म्हणाले.

"काय?"

"सुया. गादी शिवून टाकली आणि मग मोजल्या, तर अकरा. दोनदा मोजल्या. एक आत राहिली असणार, म्हटलं सकाळी उसवून बघू. आणि सकाळी मोजल्या तर बारा." त्यांनी सुई टेबलावर ठेवली. "मला वाटलं, बोटंच चुकली माझी. बोटांवर विश्वास राहिला नाही गं त्या दिवसापासून. पण बारा होत्या."

थोरली अजून खोगिरावरच बसली होती. तिला ती सकाळ लख्ख आठवली. सुया ओवायला बसली तर एक कमी. टेबलाखाली बघितलं, केरसुणी फिरवली, मिळाली नाही. पडली असेल फटीत कुठंतरी. आता बाबांना कळलं तर दिवसभर स्वतःवर चिडत बसतील, म्हणून तिनं पाकिटातून नवी सुई काढली, ओवली आणि पट्टीवर टोचून ठेवली. दोन मिनिटांचं काम. मग ते विसरूनही गेली.

"बारावी मी ठेवली बाबा," ती म्हणाली. "नवी. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मास्तर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्या मुलीचा मोडलेला हात, सहा आठवडे घोडीच्या पाठीत शिरत राहिलेलं टोक, आणि थोरली बाजूला बसून घोडीलाच विचारत होती की सांगत का नाहीस. ती घोडी जमेल त्या एकाच भाषेत रोज सांगत होती.

"सगळी लोकर काढ," मास्तर म्हणाले.

"सुई मिळाली ना पण."

"अजून एक नसेल कशावरून?"

दोघांनी दोन्ही गाद्या रिकाम्या केल्या. लोकरीचा ढीग टेबलावर ओतला आणि चिमूट चिमूट करून पिंजला. पूर्ण खोगीर भरायला मास्तरांना एक दिवस लागे. आज अडीच तास होते. ते सांगत होते आणि थोरली भरत होती: इथं मूठभर, इथं अर्धी, कडेला घट्ट, मधे सैल. शेवटची शिवण नेहमी मास्तर घालत, दुसऱ्या कुणाच्या हाताला ती लावू देत नसत. आज त्यांनी दोऱ्याचं रीळ तिच्याकडे सरकवलं आणि जखमी हात फडक्यात गुंडाळून बसून राहिले. तिचे टाके वेडेवाकडे पडत होते. एकच सुई वापरायची आणि ती शेवटी टेबलावर दिसली पाहिजे, एवढंच ते दर थोड्या वेळानं बजावत होते.

साडेदहाला बाहेर गाडीचा आवाज आला. ड्रायव्हर वक्तशीर माणूस होता. असल्या कामाला वेळेआधी येणारी माणसंच जास्त.

थोरली उरलेले टाके अक्षरशः ओढत सुटली. दोरा तुटला, पुन्हा ओवला. सुई टेबलावर टाकली, मास्तरांनी ती चाचपून मुठीत घेतली, तेव्हा कुठं ती खोगीर उचलून धावली. बरगड्या पेटल्या होत्या. मास्तर भिंतीला हात लावत तिच्या मागून येत होते.

अंगणात पोचली तर शहाणी गाडीत चढलेलीसुद्धा होती. कुणी ओढलं नव्हतं, मारलं नव्हतं. ड्रायव्हरनं दोरी धरून 'चल बाई' म्हटलं आणि ती उतारावरून आपल्या पायांनी वर गेली. आत गुपचूप उभी राहून ती फळीच्या वरून बाहेर बघत होती. कर्नल पाठ फिरवून उभे होते. मालकीणबाईंच्या हातात कागद होता आणि त्यावर सही झाली होती.

"बाई, तिला उतरवा," थोरली म्हणाली. "खोगिरात सुई होती. गादीत. बसलं की टोचायची. सापडली."

मालकीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आठ दिवस या मुलीचे नवे नवे शोध त्यांनी ऐकले होते: दात, नाल, चंदी, शेजारीण. त्या दुष्ट नव्हत्या, थकल्या होत्या. "थोरली, सही झाली आहे. आज हे, उद्या आणखी काही सापडेल."

"एक फेरी द्या मला. हे खोगीर घालून. पडले तर घेऊन जा तिला, मी तोंड उघडणार नाही."

"तू बरगड्या मोडून घेतल्या आहेस."

"मग पुन्हा मोडतील."

ती काय बोलत होती तिचं तिला कळत नव्हतं. तेवढ्यात मास्तर येऊन पोचले. त्यांनी गुंडाळलेला हात पुढे केला, फडकं सोडलं आणि तळवा उघडून धरला. "हे तिच्या पाठीत होत होतं," ते म्हणाले. "माझ्या हातनं राहिली सुई. मला दिसत नाही."

थोरलीनं त्यांच्या तोंडून हे शब्द कधीच ऐकले नव्हते. कर्नल वळून बघायला लागले. मालकीणबाईंनी तो तळवा बघितला, मग मास्तरांचे डोळे बघितले, आणि ड्रायव्हरला फळी खाली टाकायची खूण केली.

थोरलीनं खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग कर्नलांनीच आवळला. ती वर बसली. शहाणीचे कान लगेच मागे गेले. सहा आठवडे जे सोसलं ते ती कशी विसरेल? थोरलीनं तिच्या मानेवर हात ठेवला आणि चालायला सांगितलं. दहा पावलं. बारा पावलं. घोडीची पाठ खाली लाकडासारखी ताठ होती, प्रत्येक पावलाला ती टोचण्याची वाट बघत होती. थोरलीलाही तीच वाट बघावी लागत होती. गादीत आणखी काही राहिलं असेल तर ते आता कळणार होतं.

तिनं दुडकी चाल मागितली. मागं रेलून पूर्ण वजन टाकून बसली. शहाणीनं पाठीची कमान केली, एक क्षण सगळं थांबलं, आणि मग काहीच झालं नाही म्हणून तीच गोंधळली. पुढच्या फेरीला कान थोडे पुढे आले. तिसऱ्या फेरीला तिनं मान खाली सोडून मोठा फुरफुराट केला. थोरली रडत होती आणि फेऱ्या मारत होती, तिला कुणी थांबवलं नाही.

ड्रायव्हरनं गाडीला टेकून थोडा वेळ बघितलं, मग रिकाम्या गाडीची फळी उचलून लावली. मालकीणबाईंनी कागद फाडला आणि तुकडे खिशात ठेवले. थोरली खाली उतरली. सगळं झालं, असं तिला वाटलं.

मालकीणबाई मात्र खोगिरांच्या खोलीकडं बघत होत्या. दार उघडं होतं. आत भिंतीवर ओळीनं बारा खुंट्या आणि अकरा खोगिरं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "डोळ्यांचं हे केव्हापासून?"

"गेल्या थंडीपासून. तेव्हापासून दोनच खोगिरं उसवली आहेत मी. शहाणीचं हे, आणि त्या पांढऱ्या घोड्याचं. तेही आज उसवून बघतो. बाकीची सगळी मला दिसत होतं तेव्हाची आहेत." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. नुसता 'उजेड कमी' होता तो काळ त्यांच्या हिशेबात आंधळेपणात धरलेला नव्हता. त्यांनी थोरलीच्या दिशेनं तोंड वळवलं. "काय गं? दोनच ना?"

थोरलीला पहिली ओवलेली सुई आठवत होती. दोन वर्षं होऊन गेली होती तिला. त्यानंतर त्या भिंतीवरचं एकूण एक खोगीर टेबलावर उसवून, भरून, शिवून झालं होतं. दोन म्हटलं तर दोन उसवायची, मास्तर उद्या पुन्हा टेबलाशी ताठ बसणार, दोन खोल्या राहणार. नुसतं मान हलवून भागलं नसतं, त्यांना ती दिसली नसती. 'हो' म्हणावं लागलं असतं. तेवढा एकच शब्द होता, आणि दुपारी बाराचा तास होता, सात मुलं यायची होती.

"नाही बाबा," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. सगळीच."

मालकीणबाई ऑफिसकडं गेल्या, बाराच्या मुलांच्या घरी फोन करायला. मास्तर भिंत धरत खोगिरांच्या खोलीत गेले. पहिल्या खुंटीवरचं खोगीर त्यांनी चाचपून उतरवलं. ते सगळ्यात छोटं होतं, पाच-सहा वर्षांच्या मुलांना बसवायचं. ते त्यांनी उराशी धरलं आणि तसेच उभे राहिले. थोरली दारात आली तेव्हा ते तिच्याकडं न वळता म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंस गं मला."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खुंटीवरचं खोगीर खाली काढायला लागली.